हास्य, अश्रू आणि लोकांच्या मनातील स्थान

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपल्यावर एक तरुण मशिदीच्या हौदाजवळ माझी वाट पाहत थांबला होता. त्याच्या निकाहाची बोलणी सुरू आहेत. मुलीच्या घरी बायोडाटा आणि छायाचित्र पाठवायचे होते आणि कोणते छायाचित्र पाठवावे यावरून दोन तट पडले होते. आईला हसरे छायाचित्र पसंत होते. मित्रांचे म्हणणे असे की, पुरुषाने दात दाखवू नयेत. थोडा गंभीर, थोडा उदास दिसणाऱ्याकडेच लोक ओढले जातात. त्याने मोबाईलवर दोन्ही छायाचित्रे दाखवली आणि विचारले, "मौलाना, खरे सांगा, माणूस आनंदी दिसला की लोकांना अधिक आवडतो, की दुःखी दिसला की?"

मी हसून त्याला आईचे ऐकायला सांगितले आणि तो निघून गेला. प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला. छायाचित्रापुरता तो लहान असला तरी त्याच्या मुळाशी एक मोठा प्रश्न आहे: आपला आनंद आणि आपले दुःख यांचे आपण लोकांसमोर काय करतो? काही वर्षांपूर्वी याच प्रश्नाने मला स्वतःला कसोटीला लावले होते. ती हकीकत पुढे येईलच. त्याआधी पवित्र कुरआन, हदीस आणि आपल्या पूर्वसूरींची चरित्रे याविषयी काय शिकवतात, ते क्रमाने पाहू.

पहिली नजर आणि त्यानंतरची वर्षे

त्या तरुणाच्या मित्रांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील जेसिका ट्रेसी आणि अ‍ॅलेक बील या संशोधकांनी २०११ साली 'इमोशन' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक हजाराहून अधिक स्त्री-पुरुषांना निरनिराळ्या भावमुद्रांची छायाचित्रे दाखवून, कोण आकर्षक वाटते, असे विचारण्यात आले. पुरुषांना हसऱ्या स्त्रिया सर्वाधिक आकर्षक वाटल्या. स्त्रियांनी मात्र हसऱ्या पुरुषांना कमी पसंती दिली. त्यांपेक्षा अभिमानाने ताठ उभे असलेले किंवा खजील होऊन मान खाली घातलेले पुरुष त्यांना अधिक भावले. परंतु संशोधकांनी एक गोष्ट स्पष्ट केली होती. हा अभ्यास केवळ पहिल्या नजरेच्या शारीरिक आकर्षणाचा होता. यांपैकी चांगला जोडीदार कोण ठरेल, हे त्यांनी विचारलेच नव्हते.

पहिल्या नजरेला इस्लामने नाकारलेले नाही. हजरत मुगीरा बिन शुअबा (रजि.) यांनी एका स्त्रीस मागणी घातली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना तिला पाहून घेण्यास सांगितले, त्यामुळे उभयतांत स्नेह टिकण्याची शक्यता अधिक असते, असे कारणही दिले. तिर्मिजी आणि नसाई या हदीससंग्रहांत हा प्रसंग आला आहे. येथे पाहण्याला अनुमती आहे, पण त्यामागचा हेतू स्नेहाच्या टिकण्याशी जोडलेला आहे. पहिल्या नजरेनंतर जी वर्षे येतात, त्यांत माणसे आपल्याजवळ का थांबतात आणि का दूर जातात, हा इस्लामच्या शिकवणीचा मुख्य विषय आहे.

शब्दांत दडलेले अर्थ

आनंदी चेहऱ्याला मराठीत आपण 'प्रसन्न' म्हणतो. संस्कृतात हा शब्द गाळ खाली बसून नितळ झालेल्या पाण्यासाठीही वापरला जातो. हदीसमध्ये या मुद्रेसाठी 'तल्क' हा शब्द आला आहे. त्याचा अर्थ मोकळा, बंधन नसलेला. हजरत अबू जर (रजि.) यांच्याकडून 'सहीह मुस्लिम'मध्ये वर्णित असलेल्या हदीसचा आशय असा की, कोणतेही सत्कृत्य क्षुल्लक समजू नका, मग ते आपल्या बांधवास मोकळ्या चेहऱ्याने भेटणे का असेना. तिर्मिजीतील हदीसमध्ये तर बांधवाकडे पाहून केलेले स्मित हा सदका ठरवला आहे. सदका म्हणजे स्वतःजवळचे काही दुसऱ्याला देणे. चेहऱ्यावरील प्रसन्नता ही द्यावयाची वस्तू आहे, ही जाणीव या एका शब्दातून मिळते.

दुःखासाठी अरबीत 'हुज्न' हा शब्द आहे. त्याच धातूपासून आलेल्या 'हज्न' या शब्दाचा अर्थ खडबडीत, कठीण जमीन असा होतो. थोर ताबिई हजरत सईद बिन मुसय्यब (रह.) यांच्या आजोबांचे नाव 'हज्न' होते. प्रेषितांनी (स.) त्यांना 'सहल', म्हणजे सपाट, मऊ जमीन, हे नाव सुचवले. वडिलांनी ठेवलेले नाव आपण बदलणार नाही, असे त्यांनी सांगितले. पुढे सईद (रह.) म्हणत की, तेव्हापासून तो खडबडीतपणा आमच्या घराण्यात राहिला. बुखारीतील ही हकीकत वाचताना माझ्या मनात नेहमी येते की, दुःख येणे आपल्या हाती नाही. परंतु त्याला धरून ठेवण्याचा हट्ट केला तर मनाची जमीन हळूहळू टणक होत जाते.

म्हणून दुःख हा दोष आहे, असे मात्र कोणी समजू नये. हसवणारा आणि रडवणारा तोच आहे, असे सूरह नज्मच्या ४३ व्या आयतीत सांगितले आहे. दोन्ही अवस्था अल्लाहकडून येतात. आपला हिशेब त्या अवस्थांचा आपण काय उपयोग केला, याचा होणार आहे.

आनंदही फसवतो आणि अश्रूही

पवित्र कुरआनात दोन प्रसंग असे आहेत की, ते शेजारी ठेवून वाचले तर आपल्या प्रश्नाची एक बाजू उलगडते.

पहिला प्रसंग कारूनचा. सूरह कससच्या ७६ ते ८२ या आयतींत तो आला आहे. त्याच्या खजिन्याच्या किल्ल्या उचलताना बलवान माणसांचा समूहही वाकत असे. त्याच्या लोकांनी त्याला समजावले की, असा फुलून जाऊ नकोस. अल्लाहला फुशारकी मारणारे आवडत नाहीत. तरीही तो एके दिवशी संपूर्ण थाटामाटात लोकांसमोर आला. तेव्हा काय घडले? ऐहिक जीवनाची अभिलाषा असलेले लोक त्याच्याकडे पाहून हळहळले, की त्याला मिळाले ते आपल्यालाही मिळाले असते तर! म्हणजे त्याच्या आनंदात आकर्षण निश्चित होते. पण त्या आनंदातून कोणाच्याही घरी एक घासही गेला नाही. पाहणाऱ्यांच्या मनात केवळ मत्सर आणि स्वतःच्या परिस्थितीविषयी असमाधान उरले. कारून आपल्या वाड्यासह जमिनीत गडप झाला, तेव्हा काल हळहळणारे तेच लोक, आपण वाचलो, असे म्हणू लागले. त्यांपैकी कोणी त्याच्यासाठी रडल्याचा उल्लेख नाही.

दुसरा प्रसंग हजरत यूसुफ (अ.) यांच्या भावांचा. भावाला विहिरीत टाकून ते रात्री वडिलांकडे रडत आले, असे सूरह यूसुफच्या १६ व्या आयतीत आहे. सोबत खोटे रक्त लावलेला सदराही होता. अश्रूंनी माणूस विरघळतो, हे त्यांना ठाऊक होते. काजी शुरैह (रह.) यांच्याविषयी एक प्रसिद्ध कथा सांगितली जाते. त्यांच्या न्यायासनापुढे एक स्त्री रडत आली. शेजारी बसलेल्या इमाम शअबी (रह.) यांना वाटले, हिच्यावर अन्याय झाला असावा. शुरैह यांनी त्यांना आठवण करून दिली की, यूसुफचे भाऊही रडतच आले होते. न्यायाधीशाने अश्रूंचा अनादर करू नये; परंतु पुराव्याच्या जागी ते स्वीकारू नयेत.

त्याच सूरहमध्ये खऱ्या दुःखाचा चेहराही आहे. हजरत याकूब (अ.) यांचे डोळे शोकाने पांढरे पडले, पण ते दुःख आतल्या आत गिळत राहिले. मुलांनी टोकले, तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की, आपली व्यथा आपण केवळ अल्लाहपाशी मांडतो. यानंतर लगेच त्यांनी मुलांना यूसुफचा व त्याच्या भावाचा शोध घेण्यास पाठवले आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश न होण्याची ताकीद दिली. वेदना इतकी तीव्र की दृष्टी गेली, आणि तरीही दुसऱ्यांना आशा देणे थांबले नाही. 'सब्रे जमील' ज्याला म्हणतात, ते हेच.

मदीनेच्या गल्लीतील अश्रू

दुःखाने प्रेम मिळवता येते काय? याचे उत्तर बुखारीतील एका हदीसमध्ये मिळते. हजरत बरीरा (रजि.) या दासी होत्या, त्यांना हजरत आयशा (रजि.) यांनी मुक्त केले. त्यांचे पती मुगीस (रजि.) तेव्हा गुलामगिरीतच होते. स्वतंत्र झाल्यावर अशा विवाहात राहायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पत्नीला मिळत असे. बरीरा (रजि.) यांनी वेगळे होण्याचा निर्णय घेतला. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून त्यांच्यामागे रडत फिरत आणि त्यांचे अश्रू दाढीवर ओघळत. हे दृश्य जणू आजही डोळ्यांसमोर आहे, असे हजरत इब्ने अब्बास (रजि.) सांगत.

प्रेषितांनाही (स.) त्यांची दया आली. मुगीसचे बरीरावर इतके प्रेम आणि बरीराला त्यांचा इतका तिटकारा, याचे नवल त्यांनी आपले काका हजरत अब्बास (रजि.) यांच्यापाशी व्यक्त केले. मग बरीरा (रजि.) यांना त्यांनी परत जाण्याविषयी सुचवले. बरीरा (रजि.) यांनी विचारले, ही आपली आज्ञा आहे काय? आज्ञा नव्हे, केवळ शिफारस आहे, असे उत्तर मिळताच त्यांनी सांगितले की, आपल्याला त्यांची गरज नाही. विषय तेथेच संपला.

आपण येथे थांबून विचार करावा. मुगीस (रजि.) यांचे अश्रू खरे होते. त्या अश्रूंनी प्रेषितांच्या (स.) मनात करुणा जागवली, अब्बासपुत्राच्या स्मरणात कायमचे घर केले. पण ज्यांच्यासाठी ते वाहत होते त्या बरीरा (रजि.) यांच्यावर त्यांनी कोणताही हक्क निर्माण केला नाही. आज काही तरुण नकार मिळाल्यावर आपले दुःख मुलीच्या दारात नेऊन ठेवतात, तिला दोषी ठरवतात, जिवाचे बरेवाईट करण्याची धमकीही देतात. आईवडीलदेखील कधी कधी आपल्या अश्रूंनी मुलीची संमती 'मिळवतात'. अशा सर्वांनी ही हदीस पुन्हा वाचावी. करुणा आणि ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करुणा करणे समाजाचे कर्तव्य आहे. ओढ वाटली पाहिजे, अशी सक्ती कोणावरही नाही.

लोक ज्यांच्याभोवती जमले

ज्यांच्याभोवती लोक असे जमले की घरदार सोडून आले, त्या प्रेषितांची (स.) मुद्रा कशी होती? हजरत अब्दुल्लाह बिन हारिस (रजि.) यांनी त्यांच्याइतके स्मित करणारा दुसरा कोणी पाहिला नव्हता. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) सांगतात की, इस्लाम स्वीकारल्यापासून प्रेषितांनी (स.) आपल्याला जेव्हा जेव्हा पाहिले, तेव्हा ते स्मित करीतच सामोरे आले.

याच प्रेषितांच्या (स.) वाट्याला आलेले दुःख आठवा. जन्मापूर्वीच पितृछत्र गेले, सहाव्या वर्षी माता गेली. प्रेषितत्वाच्या दहाव्या वर्षी पत्नी हजरत खदीजा (रजि.) आणि काका अबू तालिब थोड्याच अंतराने गेले, ते वर्ष 'दुःखाचे वर्ष' म्हणूनच ओळखले जाते. हजरत फातिमा (रजि.) वगळता सर्व अपत्यांचे मृत्यू त्यांना पाहावे लागले. म्हणजे ते स्मित सुखवस्तू माणसाचे नव्हते.

सूरह आले इमरानच्या १५९ व्या आयतीत लोक जमण्याचे कारण स्वतः अल्लाहने सांगितले आहे: अल्लाहच्या कृपेने आपण त्यांच्यासाठी मृदू झालात; कठोर असता तर ते आपल्याभोवतून पांगून गेले असते. येथे आनंद किंवा दुःख यांचा उल्लेख नाही. उल्लेख मृदुतेचा आहे. मृदू माणूस हसतो तेव्हा त्याच्या हास्यात दुसऱ्याला जागा असते, आणि रडतो तेव्हाही त्याचे लक्ष दुसऱ्याच्या वेदनेवरून उडत नाही.

हजरत अनस (रजि.) यांचा लहान भाऊ अबू उमैर एका छोट्या पक्ष्याशी खेळत असे. तो पक्षी मेला आणि मूल हिरमुसले. प्रेषितांनी (स.) त्याच्याजवळ जाऊन त्याच्या पक्ष्याची लाडिक चौकशी केली. राज्यकारभार, युद्धे आणि वह्य यांच्या धावपळीत एका मुलाच्या पक्ष्याचे दुःख त्यांना लहान वाटले नाही.

सूरह अबसचा आरंभही आठवावा. कुरैशच्या सरदारांशी बोलणे चालू असताना हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम (रजि.) मध्येच आले आणि प्रेषितांच्या (स.) कपाळावर आठी पडली. यावर अल्लाहने आयती अवतरित करून समज दिली. उम्मे मकतूमपुत्र दृष्टिहीन होते. ती आठी त्यांना दिसलीही नव्हती. चेहऱ्याची प्रसन्नता केवळ पाहणाऱ्यावर छाप पाडण्यासाठी असती, तर न दिसलेल्या आठीची दखल घेण्याचे कारणच नव्हते. परंतु प्रसन्नता हा समोरच्या माणसाचा मान आहे आणि तो त्याला दिसो वा न दिसो, दिलाच पाहिजे.

आणि दुःखाच्या बाबतीत? हिजरी १० मध्ये त्यांचे तान्हे पुत्र इब्राहीम निवर्तले. प्रेषितांचे (स.) डोळे वाहू लागले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आश्चर्य वाटले, तेव्हा त्यांनी सांगितले की, ही दया आहे, डोळे अश्रू ढाळतात, हृदय व्यथित होते, परंतु तोंडून तेच निघते ज्याने पालनकर्ता प्रसन्न होईल. त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. खगोलगणितानुसार ते २७ जानेवारी ६३२ रोजी झाले असे मानले जाते. लोक म्हणू लागले की, इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्यही काळवंडला. एखाद्या शोकाकुल पित्याला यापेक्षा मोठे सांत्वन आणि एखाद्या नेत्याला यापेक्षा मोठी प्रसिद्धी कोणती मिळाली असती? प्रेषितांनी (स.) लोकांना ग्रहणाची नमाज पढवली आणि स्पष्ट केले की, सूर्य व चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. पुत्राला मातीत ठेवण्याच्या दिवशीही त्यांनी आपल्या दुःखाभोवती तेजोवलय निर्माण होऊ दिले नाही. मला तरी संपूर्ण सीरतमध्ये प्रामाणिकपणाचा इतका कठीण क्षण दुसरा आठवत नाही.

बसरा शहरातील दोन थोर पुरुष

कोणी म्हणेल, प्रेषितांची (स.) गोष्ट वेगळी, सामान्य माणसाने हसतमुख राहावे की गंभीर? यासाठी बसरा शहरातील दोन समकालीन ताबिईंकडे पाहावे. इमाम हसन बसरी (रह.) यांच्या चेहऱ्यावर सदैव शोकाची छाया असे. नुकतेच कोणाचे दफन करून आले असावेत, असे पाहणाऱ्यास वाटे. त्याच शहरात इमाम मुहम्मद बिन सीरीन (रह.) राहत. ते कापडाचा व्यापार करीत, विनोद करीत, मनमोकळे हसत. त्यांच्याविषयी असे सांगितले जाते की, दिवसा त्यांचे हसणे ऐकू येई आणि रात्री एकांतातील रडणे. दोघांच्याही भोवती विद्यार्थ्यांची दाटी असे. हिजरी ११० (इ.स. ७२८-२९) मध्ये सुमारे शंभर दिवसांच्या अंतराने दोघेही जगातून गेले, आणि दोघांनाही उम्मतने सारख्याच आदराने स्मरणात ठेवले.

एकाचा स्वभाव गंभीर, दुसऱ्याचा खेळकर. लोकांना ओढून नेणारी गोष्ट स्वभावाच्या खाली होती: ज्ञान, प्रामाणिकपणा आणि अल्लाहची भीती. सूरह मरयमच्या ९६ व्या आयतीत वचन आहे की, जे श्रद्धा ठेवतात व सत्कर्मे करतात, त्यांच्यासाठी रहमान प्रेम निर्माण करील. बुखारी व मुस्लिममधील हदीसनुसार, अल्लाह एखाद्या दासावर प्रेम करतो तेव्हा जिब्रील (अ.) यांना तसे कळवतो, मग आकाशातील रहिवासी त्याच्यावर प्रेम करू लागतात, आणि पृथ्वीवर त्याला मान्यता लाभते. लोकप्रियतेचा हा प्रवास वरून खाली आहे. आपण मात्र तो चेहऱ्यापासून सुरू करू पाहतो.

माझी स्वतःची चूक

आता ती हकीकत. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचा इंतकाल झाला. त्यानंतरच्या पहिल्याच जुम्याला बयान करताना माझा कंठ दाटून आला आणि समोरची माणसे रडू लागली. ते अश्रू खरे होते, माझेही आणि त्यांचेही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मोहल्ल्यांतून लोक आले. कोणीतरी बयान मोबाईलवर ध्वनिमुद्रित केले आणि ते फिरू लागले. मला बोलावणी येऊ लागली. मृत्यू, कबर, आईवडिलांचा वियोग, हेच माझे विषय झाले. आवाज कोठे कापवायचा, कोठे थांबायचे, हे मला नकळत कळू लागले. एका बयानात लोक रडले नाहीत, तेव्हा घरी परतताना मी अस्वस्थ होतो. ती अस्वस्थता कशाची, हे मी स्वतःला विचारले नाही.

आई तेव्हा इद्दतमध्ये होती. एका रात्री उशिरा घरी आलो. तिने ताट वाढले आणि म्हणाली, "शेजारणीने तुझे बयान मला ऐकवले. सगळी मशीद रडली म्हणे." मी नुसती मान हलवली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुझे अब्बा गेल्यापासून माझ्याशी मात्र तू धड दोन वाक्ये बोललेला नाहीस, बाळा. घरात येतोस तो तोंड पाडूनच."

घास घशात अडकला. त्या रात्री मदरशाच्या दिवसांत वाचलेले इमाम गझाली (रह.) यांचे 'इह्या उलूमुद्दीन'मधील दिखाव्यावरील प्रकरण पुन्हा उघडले. हिजरी ५०५ (इ.स. ११११) मध्ये निवर्तलेल्या या इमामांनी दिखाव्याचे प्रकार मोजताना सुरुवातच देहापासून केली आहे: कोणी शरीराची कृशता आणि चेहऱ्याचा फिकेपणा लोकांना दाखवतो, यासाठी की धर्माच्या चिंतेने हा किती झुरतो आहे, असे त्यांना वाटावे. विद्यार्थिदशेत हे वाचताना ढोंगी लोक माझ्या डोळ्यांसमोर येत. त्या रात्री कोण आले, हे सांगण्याची गरज नाही. माझे दुःख खोटे नव्हते. पण खरे दुःखसुद्धा माणूस विकू शकतो, हे मला तेव्हा समजले. बाहेर त्याचा मोबदला मिळत होता, आणि जिचे दुःख माझ्याहून मोठे होते तिच्यासाठी माझ्याजवळ एक मोकळा चेहराही उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी आईजवळ बसलो. अब्बा चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधत, ती आठवण काढली. ती आधी रडली, मग हसली. त्यानंतर काही महिने मी बाहेरची बोलावणी स्वीकारली नाहीत. काही जण नाराज झाले, श्रोते कमी झाले. ते कमी झाल्याचे मला वाईट वाटले, हेही प्रामाणिकपणे कबूल करतो.

आचरणासाठी काही गोष्टी

१. आनंद वाटावा, मिरवू नये. तबूकच्या मोहिमेनंतर पन्नास दिवस बहिष्कार सोसलेल्या हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांची तौबा स्वीकारली गेली, तेव्हा हजरत तलहा (रजि.) उठून धावत त्यांच्याकडे गेले आणि हात हातात घेऊन अभिनंदन केले. कअब (रजि.) ते कधीच विसरले नाहीत. दुसऱ्याच्या आनंदात असे धावून जाणारा माणूस आपोआप हवासा वाटतो.

२. तक्रार अल्लाहपाशी करावी. याचा अर्थ जवळच्या माणसाला मन मोकळे करून सांगू नये, असा नाही. सहानुभूती गोळा करण्यासाठी दुःख दारोदार नेऊ नये, एवढाच आहे.

३. दुःखी माणूस आपल्याला भावतो की नाही, हा विचार बाजूला ठेवून त्याच्या घरी चूल पेटली आहे काय, हे पाहावे. मूताच्या युद्धात हजरत जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या कुटुंबासाठी अन्न तयार करण्यास सांगितले. हजरत आयशा (रजि.) यांच्या नात्यात कोणी निवर्तले, आणि भेटीस आलेल्या स्त्रिया परत गेल्या की, त्या घरच्यांसाठी तल्बीना, म्हणजे पिठाची पातळ लापशी, शिजवून घेत, तिने दुःखिताच्या मनाला थोडा आराम मिळतो, हे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. गर्दी पांगल्यानंतरची ही लापशी आपण विसरत चाललो आहोत.

४. ज्याची उदासी महिनोन्‌महिने हटत नाही, झोप व भूक उडाली आहे, त्याला 'हसत राहा, स्मित हा सदका आहे' असे ऐकवू नये. तो आजारी असू शकतो. आजारावर उपचार करण्याची शिकवण प्रेषितांनी (स.) दिली आहे, त्याला डॉक्टरांकडे नेणे हीच त्याची सेवा.

५. मोकळ्या चेहऱ्याचा पहिला हक्क घरच्यांचा. बाहेर हसून घरी आठ्या आणणाऱ्याने, किंवा माझ्याप्रमाणे बाहेर रडून घरी मौन पाळणाऱ्याने, आपला हिशेब वेळीच तपासावा.

तो तरुण पुन्हा भेटला, तेव्हा मी त्याला सांगितले, "निकाहाला दहा वर्षे झाल्यावरही जे पाहून बायकोला आपण फसलो असे वाटणार नाही, ते छायाचित्र पाठव." तो थोडा वेळ विचार करीत राहिला आणि म्हणाला, "मग मौलाना, फोटोपेक्षा मलाच बदलावे लागेल." मी म्हटले, "मलाही."

प्रेषित (स.) चिंता आणि दुःख यांपासून अल्लाहचा आश्रय मागत असत. आपणही मागू या. हे अल्लाह, आमच्या आनंदात दुसऱ्यांचा वाटा ठेव, आमचे अश्रू तुझ्यासाठी राखून ठेव, आणि आमच्या घरच्यांना आमचा चेहरा पाहून दिलासा वाटेल असे आम्हाला कर. आमीन.